सकरची भाजी-भाकरी: नाशिकमधल्या एका टाकीच्या नोंदी

4 नोव्हेंबर 2024, सोमवार

टाकी तीन फुटी, पाणी साधारण 150 लिटर, तळाला बारीक वाळू. एक स्पंज फिल्टर, एक मागे टांगायचा. आत ब्रॉन्झ कोरी (तळाची वाळू चाळणारे छोटे मासे), छोट्या टेट्रा माशांचा थवा आणि कालपासून शेजारच्या काकूंचा सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा मासा. काकू मुलाकडे पुण्याला गेल्या, टाकी विकली गेली, हा उरला. वीतभर लांब आहे.

काचेला चिकटला की पोट दिसतं आणि सकरच्या बाबतीत तेच बघायचं असतं. खाऊन-पिऊन असलेल्याचं पोट सपाट किंवा थोडं फुगीर असतं. ह्याच्या पोटाला खळगा पडलाय, डोळेही खोल गेलेत. काकूंना दुकानात सांगितलं होतं की हा काच साफ करतो, तळाची घाण खातो, वेगळं काही घालावं लागत नाही. त्यांनी विश्वास ठेवला. काच साफ होते हे खरं, पण काचेवरचं शेवाळ चार दिवसांत संपतं. पुढे काय खायचं त्याने? माशांची विष्ठा तर तो खातच नाही, तरी हे दुकानादुकानांत ऐकायला मिळतं.

आपल्याकडे सकर म्हणून मिळतो तो बहुतेक टेरिगोप्लिक्थिस, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खरवडून खाणारं तोंड, लांबलचक आतडं, म्हणजे सतत थोडं थोडं आणि पालेदार-तंतुमय खाणारा प्राणी. अल्गी वेफरचा (शेवाळ घातलेल्या, तळाला बुडणाऱ्या वड्यांचा) छोटा डबा मला 180 रुपयांना पडला. एवढ्या माशाला रोज नुसते वेफरच घातले तर डबा महिनाभरही पुरणार नाही. म्हणून भाज्या. कोणाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतेय.

5 नोव्हेंबर

सुरुवात काकडीने, कारण घरात होती. चकती टाकली, ती तरंगली. टेट्रांनी खालून दोन टोचे मारले आणि सोडून दिली. सकर तळाला लाकडामागे, त्याला पत्ताच नाही.

मग चकतीत स्टीलचा काटा खुपसला. काटा जेवणाच्या सेटमधला, चांगल्या स्टीलचा. गाडीवरचे मुलामा दिलेले हलके काटे आठवड्यात गंजतात, ते टाकीत नकोत. काट्यासकट चकती खाली बसली. सासूबाई बघत होत्या. "अगं, आम्हाला कोशिंबीर नाही आणि माशाला काट्या-चमच्याने जेवण?"

दिवा बंद करेपर्यंत तो हलला नाही. सकाळी चकतीच्या मधल्या बिया गायब, बाकी तशीच. म्हणजे आला होता. हा निशाचर मासा, त्यामुळे भाजी दिवा बंद करतानाच टाकायची. संध्याकाळी सहाला टाकून अकरापर्यंत वाट बघण्यात फक्त भाजी भिजत पडते.

6 नोव्हेंबर, बुधवार

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेले. घेतलेलं: गिलके (म्हणजे घोसाळी) अर्धा किलो, एक दुधी, डांगराची (लाल भोपळ्याची) फोड, पालकाची जुडी. सगळं मिळून 95 रुपये, आणि ह्यातलं माशाच्या वाट्याला जेमतेम मूठभर. उरलेलं आपणच खायचं, त्यामुळे खर्च कसा धरायचा हा प्रश्नच आहे. मी धरत नाही.

गिलके नेहमीच्या मावशींकडून. "कोवळे द्या," म्हटलं तर त्यांनी नखाने टोचून दाखवलं. "ताई, लोण्यासारखे आहेत. भजी कर." कशासाठी हवेत ते सांगितलं नाही.

7 आणि 8 नोव्हेंबर

गिलक्याने घोळ केला. काकडी कडक राहिली म्हणून हा नीट उकडायचा असं ठरवलं आणि सात-आठ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवला. बाहेर काढताना बरा दिसत होता. टाकीत रात्रभरात गर सुटला आणि आतल्या दोऱ्या मोकळ्या झाल्या. घोसाळं वाळवून अंग घासायला वापरतात, तेच हे. सकाळी मागच्या फिल्टरची धार थांबलेली, कारण शोषनळीच्या जाळीला दोऱ्यांची गच्च गुंडाळी. दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक ओढून काढली. फिल्टर उघडून, धुऊन पुन्हा लावेपर्यंत ऑफिसला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी कोवळा गिलका, साल ठेवून, बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या, उकळत्या पाण्यात जेमतेम दीड मिनिट, मग लगेच गार पाण्यात. हे जमलं. रात्री दोनला उठून मोबाईलच्या उजेडात पाहिलं तर सकर चकतीवर बसलेला, शेपटी काट्यावर. ओठ चकतीला लावून डोकं पुढे-मागे करत होता आणि कान काचेजवळ नेला की बारीक खरखर ऐकू येत होती. सकाळी उरली ती सालीची हिरवी रिंग, आतून एकसारखी कोरलेली, कडेला दातांच्या बारीक उभ्या रेघा.

साल ठेवायची ती म्हणूनच: गर धरून ठेवते आणि उरलेलं एका हाताने उचलता येतं.

10 नोव्हेंबर

दुधी. आधी कच्च्याचा एक कण जिभेवर ठेवून बघायचा. कडू लागला की अख्खा दुधी फेकायचा, माशालाही नाही आणि आपल्यालाही नाही. दुधी, काकडी, दोडका ह्या वर्गात कडूपणा येतो तो कुकुरबिटासिन ह्या विषारी द्रव्यामुळे आणि कडू दुधीच्या रसाने माणसं दवाखान्यात पोचलेली आहेत.

आमचा गोड निघाला. तीन मिनिटं उकळला. साल जाड आणि कडक, तो ती सोडतो. गर मात्र साफ. गिलक्याइतका वेड्यासारखा खात नाही, पण दुधी चोवीस तास पाण्यात राहूनही विरघळत नाही. नवशिक्याने सुरुवात दुधीनेच करावी, असं माझं आता मत आहे. काकडी सगळे सुचवतात कारण ती स्वस्त आणि सोपी. पण ती बहुतेक पाणीच आहे, उपाशी माशाला तिने काय होणार?

12 ते 15 नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी, घरात उपासाची रताळी उकडलेली. रताळं सकरला आवडतं. एक मोठी फोड, अगदी मऊ उकडलेली, दिवा बंद करताना टाकली.

सकाळी टाकीत ताक. समोरच्या काचेतून मागची काच दिसेना. टेट्रा सगळे वर, तोंडं पाण्याच्या पृष्ठभागाला लावून. कोरी सारख्या वर झेपावून परत खाली. सकरही एकदा वर जाऊन हवेचा घोट घेऊन आला.

इथे जरा थांबते, कारण ह्यात फसायला होतं. कोरी आणि सकर दोघेही हवा गिळू शकतात, कोरी आतड्यातून ऑक्सिजन घेते आणि हा सकर जठरातून. अधूनमधून वर जाणं म्हणजे आजार नाही. पण टेट्रा वर आणि हे सारखे वर, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन उतरला. अमोनियाची (विष्ठा आणि सडक्या खाण्यातून सुटणाऱ्या विषाची) चाचणी केली, फक्त 0.25 पीपीएम. मी अमोनियाला घाबरत होते आणि दोष निघाला दुसराच: शिजलेल्या रताळ्याचा स्टार्च पाण्यात मोकळा झाला, त्यावर जिवाणूंची भरभराट झाली, त्यांनीच ऑक्सिजन संपवला. पाणी पांढरं दिसतं ते त्यांच्यामुळेच.

काय केलं: रताळं काढलं, नळीने तळ ओढला, निम्मं पाणी बदललं, क्लोरीन मारायचं औषध टाकून. महानगरपालिकेचं पाणी तसंच ओतायचं नाही, घाई असली तरी. एअर पंप जास्तीत जास्त. संध्याकाळी पुन्हा थोडं पाणी बदललं. दोन दिवस कोणालाच खायला दिलं नाही. तिसऱ्या दिवशी काच दिसली. एकही मासा गेला नाही, पण टेट्रांच्या जागी नाजूक काही असतं तर गेलं असतं.

रताळं सोडलं नाही, पद्धत बदलली. आता कच्चंच, सोलून, पातळ चकती, नळाखाली चांगली चोळून धुवायची म्हणजे वरचा स्टार्च जातो. कडक असल्यामुळे तो रात्रभर खरवडत बसतो आणि पाण्यात काही मिसळत नाही. आठवड्यात एकदाच.

17 नोव्हेंबर, रविवार

दिंडोरीला मैत्रिणीच्या शेतावर. द्राक्षबागेच्या बांधावर गिलक्याचे वेल, लटकून लटकून वाकलेले. तिचा भाऊ पिशवी भरून देत होता. तेवढ्यात बागेकडे लक्ष गेलं. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, फवारणीचा ट्रॅक्टर ओळीत उभा, पानांवर निळसर डाग. बुरशीसाठी फवारतात ते बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, मोरचूद म्हणजे तांबं. तांबं माशांना फार कमी प्रमाणात बाधतं आणि शंखांना (म्हणजे पाण्यातल्या गोगलगायींना) व कोळंबीला त्याहून कमी प्रमाणात. शिवाय कीडनाशकांतली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाला त्यामानाने सौम्य आणि माशाला जहाल.

भावाने स्वतःच सांगितलं, "ताई, हे घरी खायला धुऊन चालतात, पण माशाचं तुम्ही बघा. वारा इकडचाच असतो." गिलके घरी आले, भाजी झाली, टाकीत एकही गेला नाही.

बाजारातल्या भाजीचंही काही सांगता येत नाही, ती कुठल्या बांधावरून आली कोणाला माहीत. माझा नियम: फळभाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, शंका असेल तर साल काढायची (मग गर लवकर सुटतो, पहाटेच काढायचा). पालेभाजी फक्त गच्चीवरच्या कुंडीतली. पानाला साल नसते, सगळा फवारा पानावरच. गेल्या बुधवारचा पालक म्हणून आमटीत गेला.

24 नोव्हेंबर

पोट बघितलं. खळगा भरत आलाय, सपाटीला थोडा कमी. डोळे नीट.

शंख वाढले. काचेवर, काट्यावर, लाकडावर, पिल्लंच पिल्लं. उरलेली भाजी हीच त्यांची खानावळ. पण त्याचाच उपयोग करता येतो: सकाळी काटा उचलायचा तेव्हा सालीला चिकटलेले तीस-चाळीस शंख बरोबर वर येतात. काटा बाहेर काढताना घाई करायची नाही, नाहीतर गळून पडतात. रोज सकाळी हे केलं की आठवडाभरात फरक दिसतो. औषध टाकू नका, शंख मारायच्या औषधात बहुतेक तांबंच असतं.

1 डिसेंबर

कोरींची तक्रार. अर्थात त्या बोलत नाहीत, पण भाजीच्या रात्री त्या काट्याभोवती हुंगून निघून जातात. कोरीला खरवडायचं तोंड नाही. ती वाळू चाळून मऊ, बारीक, मांसाहारी खाणं वेचते. "तळाचे मासे" म्हणून दोघांना एकाच पंगतीला बसवण्यात अर्थ नाही. मटार सोलून, उकडून, वरचं साल काढून बोटांनी चुरडून टाकला तेव्हा तेवढा खाल्ला. त्यांना बुडणारे दाणे वेगळे हवेतच.

सकरलाही नुसती भाजी पुरत नाही. वाढत्या माशाला प्रथिनं लागतात, म्हणून आठवड्यातून दोनदा वेफर किंवा दाणे चालूच.

8 डिसेंबर

दोघांना एकच खाणं करून बघायचं म्हणून जेली. परदेशातली तयार पावडर महाग. आपल्याकडे चायना ग्रास आहे. मेन रोडला दहा ग्रॅमचं पाकीट 70 रुपये.

पाच ग्रॅम चायना ग्रास अर्धा तास भिजवलं, एक वाटी पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळलं. दुसरीकडे मटार, डांगर, गच्चीवरचा पालक उकडून मिक्सरला दोन वाट्या लगदा. त्यात धुऊन, वाळवून दळलेली सुकट दोन चमचे आणि एक चमचा स्पिरुलिना पावडर. मीठ, तेल, मसाला काही नाही. ताटात पाव इंच जाड ओतून, घट्ट झाल्यावर वड्या.

लगदा गरम असतानाच मिसळायचा. माझा पहिला घाणा गार लगद्यात ओतला आणि चायना ग्रास लगेच गोठून गाठी झाल्या. ते पुन्हा सगळं गरम करावं लागलं. जिलेटिनपेक्षा हे बरं, कारण जिलेटिन कोमट पाण्यात मऊ पडतं. चायना ग्रास एकदा घट्ट झालं की टाकीच्या तापमानाला ढिम्म हलत नाही.

सुकटीचं मात्र घरात रामायण झालं. मिक्सरचं भांडं तीन वेळा धुतलं तरी दुसऱ्या दिवशीच्या चटणीला वास. सासूबाईंनी भांडं उचलून गच्चीत ठेवलं. आता माशांसाठी जुन्या बाजारातून आणलेलं वेगळं छोटं मिक्सर, 450 रुपये. हा खर्च मात्र धरते.

निकाल: कोरींना जेली आवडली, सकरलाही. पण सुकट असल्यामुळे उरलेली वडी भाजीपेक्षा लवकर पाणी बिघडवते. टाकून चार तासांत काढायची, म्हणजे रात्रभर ठेवायची नाही. रात्री अकराला टाकून तीनला कोण उठणार? जेली मग रविवारी दुपारी, टाकीवर टॉवेल घालून अंधार करून. चालतं.

15 डिसेंबर

थंडी. सकाळी टाकीचं पाणी 19 अंश. चार रात्री गिलका जसाच्या तसा परत आला. मला वाटलं कंटाळला, म्हणून दोडका दिला, डांगर दिलं, मटार दिले. सगळं तसंच. भाजीचा दोष नव्हताच, थंड पाण्यात ह्यांची पचनशक्ती मंदावते.

150 वॉटचा हीटर, 850 रुपये. दिवसाला दोन-दोन अंश करत 25 वर आणलं. हीटरवर जाळीचं आवरण हवंच. सकर उबेला चिकटून बसतो आणि पोट भाजतं. दुकानात आवरण नव्हतं, मी प्लास्टिकच्या जाळीच्या नळीतून कापून केलं.

तापमान वर आल्यावर दुसऱ्याच रात्री गिलका फस्त.

5 जानेवारी 2025

उकळायचं बंद केलं. फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून दुधीच्या चकत्या चुकून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात राहिल्या. वितळल्यावर बघते तर उकळल्यासारख्याच मऊ. गोठताना पेशी फुटतात, म्हणून. पाण्यात टाकल्या तर काट्याशिवायही हळूहळू बुडाल्या. आता रविवारी चकत्या कापायच्या, एका थराने ताटात गोठवायच्या, मग पिशवीत. रोज दोन काढायच्या, वाटीत पाणी घालून वितळवायच्या, टाकायच्या. गॅस वाचला, रोजची वीस मिनिटं वाचली. गिलक्याला मात्र हे जमत नाही, लिबलिबीत होतो. तो ताजाच.

13 जानेवारी, भोगी

भोगीच्या भाजीसाठी मटार, गाजर, घेवडा, पावटा, वांगं सगळं घरात. शिजवलेल्या भाजीतलं काही द्यायचं नाही, तेल-मीठ-तीळ असतात. कच्च्यातलं गाजर दोन तुकडे दिले: चार मिनिटं उकळूनही त्याने नुसतं चाटून सोडलं, विष्ठा केशरी झाली एवढंच. सकरची विष्ठा लांब दोरीसारखी असते, भाजी सुरू केल्यावर तिचं प्रमाण पाहून नवीन माणूस घाबरतो. स्पंज पूर्वी महिन्यातून एकदा पिळायची, आता दर आठवड्याला, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात.

26 जानेवारी

मोजला. काचेला चिकटलेला असताना बाहेरून पट्टी लावली, 21 सेंटिमीटर. आला तेव्हा वीतभर म्हणजे अठरा-एकोणीस असावा. हा मासा सहज फूटभर आणि पुढेही वाढतो, तीन फुटी टाकी त्याला कायमची पुरणार नाही. हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं, पण तेव्हा पोट भरणं महत्त्वाचं होतं.

घरी आलेल्या एका पाहुण्यांनी सहज सुचवलं, "गंगेत सोडून द्या की, पुण्य लागेल." (नाशिकला गोदावरीलाच गंगा म्हणतात.) नको. हा इथला नाही. आंध्रात गोदावरी-कृष्णेच्या पाण्यात हा आधीच पसरलाय. काठाच्या मातीत बिळं करतो, अंगावरच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाडतो. रामकुंडावरून सोडलेलं पुण्य खाली त्यांच्या जाळ्यात अडकायचं.

9 फेब्रुवारी, रविवार

सध्या आठवडा असा चाललाय. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री गोठवलेला दुधी किंवा ताजा गिलका. मंगळवारी कच्च्या रताळ्याची चकती. गुरुवारी वेफर, कोरींना दाणे. शनिवार उपास, सगळ्यांना. रविवारी दुपारी जेली. भाजी सकाळी आठच्या आत बाहेर. हे एकच मी कधी चुकवत नाही, बाकी वेळापत्रक इकडेतिकडे झालं तर होऊ दे.

पोट किंचित फुगीर. पाण्याची चाचणी: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट (विष्ठा-खाण्याचा पाण्यात साचत जाणारा शेवटचा अंश) 30 च्या आसपास. भाजीआधी नायट्रेट 15-20 असायचं, त्यामुळे पाणी बदलणं आठवड्याला एक चतुर्थांशवरून एक तृतीयांशवर नेलंय.

पाच फुटी टाकीचा दर विचारला, स्टँड आणि झाकणासह 14,000 सांगितले. नवऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दरम्यान बाजारात मटार 30 रुपये किलोवर आलेत. पाच किलो आणून सोलून फ्रीझरला टाकायचा विचार आहे. सोलायला बसायचं कोणी, हे अजून घरात बोललेले नाही.